शुक्रवारची भरती

अंबरनाथ पूर्वेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या द्रौपदीला कुणीही कधीही विचारावं, आज भरती किती वाजता. तव्यावरची पोळी उलटेपर्यंत ती सांगते. "आज षष्ठी ना? साडेचार." पहाटेचे साडेचार आणि दुपारचेही. समुद्र तिच्या घरापासून अडीच-तीन तासांवर. बिल्डिंगमध्ये भरतीशी कुणाचं देणंघेणं नाही. समोरच्या दारातली यशोधरा तर हटकून चिडवते, "द्रौपदीताई, आपल्या गच्चीवरच्या टाकीला भरती कधी येणार, तेवढं सांगा."

"ते पंपवाल्याला विचार. त्याची तिथी मला नाही कळत."

हिशेब तसा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला, आणि त्या दिवसांत पाणी चढतंही फार, उतरतंही फार. त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या आगेमागे पाणी मवाळ असतं, तो भांग. द्रौपदीच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं. पण पाऊणकीचा पाढा त्यांनी लेकीकडून रोज म्हणून घेतला, आणि नऊ वर्षांची द्रौपदी आंबेखाडीच्या बंदरावर उभी राहिली की मोठमोठे नाखवा होडी लोटता लोटता तिला विचारायचे, "पोरी, आज किती?" तिचं उत्तर ऐकून माणसं समुद्रात जात. एवढा मान तिला पुढे कुठे मिळाला नाही.

लग्न होऊन ती अंबरनाथला आली. तिच्या नवऱ्याचे, सुदामचे वडीलही कोळीच, पण ते तरुणपणीच एमआयडीसीत लागले आणि सुदामचा जन्म इथलाच. सुदाम मासा खातो चवीने, पण होडीत बसला की आधी काठ धरतो. तेहतीस वर्षं समुद्र नजरेआड झाला, तरी सकाळी देवाला दिवा लावून झाला की द्रौपदीची नजर कॅलेंडरवरच्या तिथीकडे जाते आणि ओठ आपोआप हलतात. प्रदोषाला ती शिवमंदिरात जाते. हात जोडताना त्रयोदशीचे पावणेदहा मनात येऊन जातातच. आधी तिला वाटायचं, देवापुढे हा हिशेब कशाला. मग तिचं तिलाच वाटलं, चंद्र ज्याच्या माथ्यावर आहे त्याला हा हिशेब परका कसा असेल?

तिचा भाऊ हरिचंद्र तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आंबेखाडीला वडिलांच्या मागे होडी तोच चालवतो. जाळ्याला पूर्वीसारखं लागेना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्याने नवं काम धरलं. शहरातल्या हौशी माणसांना गळाने मासे पकडायला घेऊन जायचं. आठ माणसं, चाऱ्याला कोळंबी, डबे, आणि किनाऱ्यापासून तासाभरावरचे खडक. काम चांगलं होतं, पण आंबेखाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा आहे. भरतीच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास त्यावर होडीपुरतं पाणी असतं. एरवी बगळे उभे राहतात. माणसं मात्र येणार त्यांना सुट्टी असेल तेव्हा, आणि हरीला नाही म्हणता येत नाही. "दारात आलेल्या मानसाला परत जा कसं बोलू, बाय?" असं तो म्हणायचा आणि पाणी नसताना होडी काढायचा. मग माणसं वैतागून जात, ती परत येत नसत.

शेवटी सुदामनेच मनावर घेतलं. चिखलोलीला नवे टॉवर झालेत, तिथे वॉचमन पुरवणारा प्रमोद त्याच्या ओळखीचा. सुदाम हरीला म्हणाला, "हा मोसम बघ. जमलं तर उत्तम. नाहीतर फेब्रुवारीपासून गेटवर ये. डोक्यावर सावली, महिन्याला ठरलेला पगार." हरी मान खाली घालून हो म्हणाला.

सुदामच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हे द्रौपदीला कळत होतं. वॉचमनच्या कामाला तिने कधी कमी लेखलं नाही. तिच्या सासऱ्यांनी शेवटची चार वर्षं कंपनीच्या गेटवरच काढली होती. पण हरीला वारा बदलायच्या आधी नाकाला कळतो. पाण्याचा रंग बघून तो खाली वाळू आहे की खडक ते सांगतो. तो माणूस निळा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार, आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहिणार. हे तिला सोसवेना. देवीला तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, या मोसमात लक्ष असू दे.

त्या वर्षी सुदामच्या कंपनीत गळाच्या मासेमारीचं वेड आलं होतं. शौनक नावाचा प्रोडक्शनमधला तरुण अधिकारी त्यांचा पुढारी. दोन गळ, चकचकीत रिळं, डोक्याला टोपी. आठ-दहा जण जमले. सुट्टी शुक्रवारची. सुदामने मेव्हण्याची होडी सुचवली आणि ऑक्टोबरात एका संध्याकाळी घरी येऊन द्रौपदीला विचारलं, "येणारा शुक्रवार कसा आहे गं?"

तिने कॅलेंडर पाहिलं. "नवमी. पावणेसातला भरती. छान आहे. सकाळी भरलेल्या पाण्यातून बाहेर पडायचं, दिवसभर मासे धरायचे, संध्याकाळच्या भरतीवर चारनंतर आत यायचं. पाणीही मवाळ."

"आणि त्याच्या पुढचा?"

"अमावास्या. उधाण. सकाळी दांड्यावर पाणीच नाही. नको."

"त्याच्या पुढचा?"

"सप्तमी. सव्वापाचची भरती. चालेल."

सुदाम खूश झाला. कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये त्याची एकतीस वर्षं गेली. कोण पहिल्या पाळीला, कोण तिसऱ्या, कुणाची सुट्टी कधी, हे सगळं तोच लावतो, आणि त्याच्या तक्त्यात आजवर चूक निघालेली नाही. एक शुक्रवार चांगला, एक वाईट, एक चांगला. त्याला जे कळायचं ते कळलं.

पहिली फेरी तर अशी झाली की सुदाम घरी आला तोच हेकरू जातीचा हाताएवढा मासा नाचवत. दुसऱ्या फेरीला शौनकच्या गळाला तांब मासा लागला, त्याचा फोटो कंपनीभर फिरला. तिसरीही बरी झाली. कँटीनमध्ये लोक सुदामला "काय नाखवा" म्हणू लागले. द्रौपदीला मनातून फार बरं वाटलं. हरीच्या आवाजात फोनवर पुन्हा जोर आला होता.

डिसेंबरात हरीने एकदा सुदामला म्हटलं, "दाजी, जरा लवकर येता आयलं तं बघा. होरी घासते."

"साडेसहा म्हणजे साडेसहा, हरी. माणसं रात्री दोनला उठून निघतात. अजून किती लवकर?"

त्या फेरीला होडी वाळूवर घासत गेली. त्याच्या पुढच्या फेरीला दोघांनी उतरून लोटली.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी सुदाम संध्याकाळी घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल सुकून पांढरा झाला होता आणि पायात एकच बूट होता.

"दुसरा?" द्रौपदीने विचारलं.

"दांड्यावर आहे. ज्याला हवा त्याने न्यावा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पावणेसातला होडी निघाली आणि दांड्यावर जाऊन बसली ती बसलीच. पुढे जाईना, मागे येईना. आठ माणसं लोटून दमली. पाणी आणखी उतरलं, होडी एका कुशीवर कलंडली, आणि सगळे भर उन्हात वाळूवर उभे. डबे साडेआठलाच संपले. एकाने गळ वाळूत रोवून त्याला टॉवेल बांधला आणि सावली केली. बंदरावरच्या बायका बघायला जमल्या. एकीने ओरडून विचारलंही, "काय लागला का?" सव्वाबाराला पाणी येऊन होडी उठली, तोवर कुणालाही पुढे जायचं नव्हतं.

"आणि कुणीतरी व्हिडिओ काढला," सुदाम म्हणाला. "ग्रुपवर टाकला. मी आपला एक पाय वर करून उभा. उद्या मी गेटमधून आत कसा जाऊ सांग."

द्रौपदीला हसू आलं होतं, ते तिने गिळलं. त्याची पिशवी रिकामी करताना तिला आत घडी घातलेला कागद सापडला. कंपनीचा टाइप केलेला तक्ता. मासेमारी फेऱ्या, ऑक्टोबर ते मे. एकाआड एक सोळा शुक्रवार. प्रत्येकापुढे एकच वेळ, सकाळी साडेसहा. आणि खाली, "भरतीची माहिती : सौ. द्रौपदी".

ती कागद घेऊन मोरीच्या दाराशी गेली. सुदाम पाय धूत होता.

"हे कुणी काढलं?"

"मी. तू सांगितलंस तसं."

"मी तीन शुक्रवार सांगितले होते. हे सोळा आहेत."

"मग? एक सोडून एक. चांगला, वाईट, चांगला."

"अहो, दोन आठवड्यांचे दिवस चौदा. पक्षाच्या तिथ्या पंधरा. दर फेरीला चंद्र पाऊण तिथी मागे राहतो. नवमीची सप्तमी झाली, सप्तमीची पंचमी, आणि आज चतुर्थी. पावणेसातची भरती तीनवर आली. सहाला दांडा बंद झाला, आणि तुम्ही आपले पावणेसातला निघालात!"

सुदाम तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. एकतीस वर्षांत तक्त्यात चूक निघाली नव्हती. त्या दिवशी पँट त्याने स्वतःच धुतली, दोनदा.

रात्री जेवणं झाल्यावर हरीचा फोन आला. तो सुदामवर चिडला असता तर बरं झालं असतं, असं द्रौपदीला नंतर वाटलं.

"बाय, प्रमोदभाऊंना सांग, मी येतो. आता पुरे."

"हरी, तुला दिसलं नाही पाणी उतरलेलं? तू लहान आहेस का?"

"दिसत व्हतं. डिसेंबरापासून दिसत व्हतं. पन कागदावर तुझं नाव व्हतं. मना वाटलं, बायचा हिशेब चुकाचा नाय. माझेच डोळे चुकत असतील."

ते तिच्या काळजाला लागलं. आंबेखाडीच्या बंदरावर तिचा शब्द घेऊन माणसं पाण्यात जायची, आणि आता त्याच शब्दावर भाऊ वाळूत रुतला होता, तोही तिने न दिलेल्या शब्दावर. "प्रमोदला मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "महिना संपेपर्यंत थांब. एक फेरी माझ्या हिशेबाने कर. त्यानंतर तुला काय करायचं ते कर."

रविवारी संध्याकाळी शौनक घरी आला. सुदामची गळाची पिशवी त्याच्या गाडीत राहिली होती ती द्यायला. पोरगा सभ्य. चहा घेतला, चिवडा घेतला, मग म्हणाला, "काकू, आमचं पुढचं सगळं कॅन्सल. ग्रुपमध्ये सगळे लई भडकलेत. आता कुणी येणार नाही."

"त्यांना सांगा, चूक समुद्राची नव्हती आणि होडीवाल्याचीही नव्हती."

सुदामने पेपर वर उचलून तोंडासमोर धरला.

"मी ॲप घेतलंय आता," शौनक म्हणाला. "त्यात सगळं येतं."

"बघू. सतरा तारखेच्या शुक्रवारी भरती किती वाजता सांगतंय?"

त्याने मोबाइलवर बोट फिरवलं. तोवर द्रौपदी म्हणाली, "चतुर्थी. तीन."

शौनकने मान वर केली. "तीन वाजून सहा मिनिटं."

"सहा मिनिटं तुमच्या ॲपची. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे तीन तास त्याला विचारा. आमच्या दांड्यावरून होडी कधी जाते आणि कधी नाही, ते सांगतंय का?"

"नाही," शौनक हसला. "तेवढं नाही सांगत."

"मग माझं ऐका. सतरा तारखेला पाच जण जरी आले तरी चालतील. घरून सकाळी आठला निघा. वाटेत पोटभर खा. सव्वाबाराला होडी सुटेल."

"दुपारी?" पेपरामागून सुदामचा आवाज आला. "दुपारी कुणी मासे धरायला जातं का?"

"त्या दिवशी दांड्यावर होडी कधी उठली होती?"

"सव्वाबाराला."

"तीच निघायची वेळ होती. तुम्ही तेव्हा घरी निघालात."

शौनकने कॅलेंडरकडे बोट केलं. "काकू, पण सतराला संकष्टी. मासे?"

"पकडायचे संकष्टीला, खायचे शनिवारी. माझाही उपास असतो. आणि मी येणार आहे."

शेवटचं वाक्य ऐकून सुदामने पेपर खाली ठेवला.

हरीला पटवणं जास्त कठीण गेलं. "दुपारी खारा वारा उठतो, बाय. दोननंतर खडकांवर पानी उसळतं. शहरातली मानसं ओकतील."

"खडकांवर जायचंच नाही. वारा वायव्येचा ना? मग टेकडीच्या दक्षिणेला, म्हातारीच्या कातळामागे थांबायचं. थंडीत बाबा दुपारचे कुठे जायचे?"

हरी म्हणाला, "तिथं जिताडा असायचा. भरती भराला आली का लागायचा."

"अजून असेल."

"नसला तं?"

"नसला तर तुझी होडी तरी तरंगलेली दिसेल सगळ्यांना."

सतरा तारखेला सहा जण आले. शौनक, सुदाम, आणखी चौघे. त्यांतला एक सुदामच्या वयाचा फिटर नरेंद्र; तो वाटभर जीपमध्ये म्हणत होता, "मी फक्त सुदामचा दुसरा बूट शोधायला चाललोय." द्रौपदीने साडी वर खोचली, देवीचं नाव घेतलं आणि होडीत पाय ठेवला. सात-आठ वर्षांनी ती त्या होडीत बसत होती. बंदरावरच्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं. एक ओरडली, "पोरी, आज किती?"

"तीन!" द्रौपदीने ओरडून सांगितलं, आणि तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

सव्वाबाराला होडी दांड्यावरून गेली. खाली हिरवट पाणी होतं, वाळू कुठे दिसली नाही. नरेंद्र वाकून वाकून बघत होता. "सुदाम, बूट खोल गेला रे." सगळे हसले, सुदामही हसला.

म्हातारीच्या कातळामागे हरीने नांगर टाकला. टेकडीच्या पलीकडे वारा उठलेला ऐकू येत होता, पण इथे पाणी नुसतं डुलत होतं. गळ पडले. एक वाजला. दीड वाजला. शिंगाळ्याची दोन बारकी पोरं सोडली तर काही लागलं नाही. दोन वाजले तेव्हा माणसं घड्याळ बघू लागली. नरेंद्र म्हणाला, "इथे मासे पण संकष्टी करतात वाटतं."

शौनकने दूरवर हात दाखवला. "हरिभाऊ, त्या खडकांवर जाऊ या ना. नोव्हेंबरला तिथेच तांब लागला होता. अर्धा तास लागेल फक्त."

"हां, जाऊ," बाकीचे म्हणाले.

हरीने द्रौपदीकडे पाहिलं नाही. पाहुण्यांकडे पाहिलं. त्याचा हात नांगराच्या दोरीकडे गेला. तो हात तिला लहानपणापासून ठाऊक होता. कुणी काही मागितलं की असाच पुढे जाणारा.

"हरी," ती म्हणाली. "तुला काय दिसतंय ते सांग यांना. माझा कागद राहू दे. तू सांग."

हरी थांबला. त्याने टेकडीच्या टोकाकडे पाहिलं, जिथे पाण्याचा रंग बदलत होता. मग दोरी सोडून तो सरळ उभा राहिला.

"नाय जायचं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तिकडं पांढरं दिसतंय ते फेस हाय. खडकावर गेलो तं अर्ध्या तासात तुमचं दुपारचं जेवान बाहेर. आनि उशीर केला तं दांडा बंद. हितं पानी अजून चढतंय. तीनला थांबंल. पानी थांबलं का मासा तोंड उघडतो. तवर गळ वर घेऊ नका."

शौनकने मान हलवली आणि गळाला नवी कोळंबी लावली. हरीने त्याचा गळ घेतला, कातळाच्या अगदी मुळाशी टाकून परत त्याच्या हातात दिला.

तीनला पाच-सात मिनिटं असतील. पाण्यावरचा केरकचरा जो इतका वेळ आत वाहत होता, तो एका जागी थबकला. द्रौपदी तेवढंच बघत बसली होती. आणि शौनकचं रीळ असं करकरलं की तो बसल्या जागचा उठला.

"सोड! दोरी सोड! ओढू नको!" हरी ओरडला. आता त्याच्या आवाजात अहो-जाहो नव्हतं, आणि अधिकारी ऐकत होता. दहा मिनिटं चाललं. सुदामने होडीचा काठ सोडून जाळी हातात घेतली, वाकला, आणि चांदीसारखा जिताडा आत आला. कोपरापासून बोटांपर्यंत मोजून वर अजून वीतभर. मग नरेंद्रच्या गळाला हिसका बसला.

चार वाजेपर्यंत सहा जिताडे आणि एक हेकरू आत पडलं होतं. साडेचारला हरी म्हणाला, "बस. चला," आणि कुणीही आणखी थोडा वेळ म्हटलं नाही. होडी दांड्यावरून परत आली तेव्हा पाणी भरपूर शिल्लक होतं. बंदरावर शौनकने हरीला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी?"

हरीने बहिणीकडे पाहिलं, पण या वेळी उत्तर स्वतःच दिलं. "एकादशीच्या आसपास यील. तवा सकाळची फेरी. सहाला बाहेर, दुपारच्या आधी आत. वेळ बायला विचारून कळवतो. वारा मी बघतो. दोघांचं जमलं तं या, नाय जमलं तं येऊ नका."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणा पाहुण्याला येऊ नका म्हटलं होतं. द्रौपदीने पदराने तोंड पुसलं. खारं होतं, समुद्राचंही असेल.

त्यानंतर दोन-तीन दिवस घरात नव्या तक्त्याचं काम चाललं. सुदाम कंपनीतून कोरे कागद घेऊन आला आणि द्रौपदी सांगेल तसं लिहू लागला. प्रत्येक शुक्रवारची तिथी वेगळी, निघायची वेळ वेगळी, आत यायची वेळ वेगळी. कुठे सकाळ, कुठे दुपार, कुठे काट.

"दर शुक्रवारी नवी वेळ?" सुदाम कुरकुरला. "असा तक्ता मी लावला असता तर युनियनने मला घरी बसवलं असतं."

"समुद्राला युनियन नाही. लिहा. अठ्ठावीस फेब्रुवारी, प्रतिपदा, अजून उधाण, काट."

"काट," सुदामने लिहिलं, आणि खालची रेघ पट्टीने मारली. शेवटच्या ओळीवर तो थांबला. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि न विचारता लिहिलं : "भरती : द्रौपदी. वारा : हरिचंद्र. यांच्या होकाराशिवाय फेरी निघणार नाही." मग कागद तिच्यासमोर धरला. "बघ, बरोबर आहे का. या वेळी तपासून दे."

तिने एकेक ओळ बोट ठेवून तपासली. देव्हाऱ्यासमोर बसून सगळ्या तिथ्या पुन्हा एकदा मोजल्या. एकही चूक नव्हती. तसं तिने त्याला सांगितलं, आणि सुदामचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. प्रमोद होता. सुदामने फोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि द्रौपदीकडे दिला. "तूच बोल. तुझ्या भावाचं काम आहे."

"वहिनी, हरिभाऊंचं काय ठरलं? एक तारखेपासून चिखलोलीची जागा आहे. शर्टाचं माप हवं होतं. आज कळवलं नाही तर मला दुसरा माणूस द्यावा लागेल."

"द्या दुसऱ्याला. कुणा गरजवंताला द्या," द्रौपदी म्हणाली. "तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं. पण हरीला सवड नाही. मेपर्यंतचे त्याचे शुक्रवार भरलेत."